कोकणात जागा घेताना आणि घर भाड्याने देताना: आधी माणसं मोजा

दर मे महिन्यात ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. "गुहागरजवळ जागा बघितलीय, समुद्र दिसतो, गुंठ्याचा भावही बरा आहे. घेऊ का?" मी एकच विचारतो, सातबाऱ्यावर नावं किती?

कोकणातला व्यवहार भावावरून क्वचित अडतो. अडतो तो माणसांवरून. एकाच हिश्श्यावर चार भावांची वंशावळ असते, मुंबईत दिलेल्या मुलींची नावं लागलेलीच नसतात, कुळाची, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याची, जुनी नोंद असते, शेजाऱ्याची वहिवाट मधूनच जाते आणि आंब्याची कलमं भलत्यानेच लावलेली असतात. खरेदीआधी या प्रत्येकाचा हक्क शोधायचा आणि मालक झाल्यावर आपल्याच ढिलाईने नवा हक्कदार उभा राहू द्यायचा नाही. मी या दोन्ही बाजूंनी गेलोय, म्हणून खरेदीपासून भाडेकरूपर्यंत क्रमाने लिहितो. वकील लागणारच आहे. त्याच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं हे तुम्हाला माहीत असलेलं बरं.

१. तुम्ही शेतकरी आहात का?

१९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. महाराष्ट्रात कुठेही तुमच्या नावावर शेतीचा सातबारा असेल तर तो आणि आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) काढून ठेवा. वडिलोपार्जित जमिनीवर नाव लागायचं राहिलं असेल तर आधी वारसनोंद करून घ्या.

"शेतकरी दाखला आम्ही करून देतो" म्हणणारा एजंट भेटला की चहा पिऊन निघा. बोगस दाखल्यावर घेतलेली जमीन कलम ८४-क खाली सरकारजमा होऊ शकते, तीही खरेदीनंतर कित्येक वर्षांनी.

शेतकरी नसाल तर दोन वाटा उरतात: गावठाणातली जागा किंवा बिगरशेती झालेला प्लॉट. बिगरशेतीचा मूळ आदेश आणि मंजूर रेखांकन स्वतः वाचा. "एनए प्रोसेसमध्ये आहे" म्हणजे जमीन अजून शेतीचीच आहे.

इथे एक सापळा फार चालतो. कातळावरचा दोन-तीन एकरांचा तुकडा घेऊन त्यावर चुन्याने रेघा मारतात आणि "फार्महाऊस प्लॉट" म्हणून विकतात. खरेदीखतात तुम्हाला मिळतो तो अविभक्त हिस्सा, आणि पंधरा अनोळखी माणसं एकाच सातबाऱ्यावर येतात. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे तुमचा पाच गुंठ्यांचा सातबारा वेगळा होत नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्गाच्या ग्रामीण भागात २०२३ पासून प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे वेगळा तुकडा करायला लागणारं किमान क्षेत्र, जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. रहिवासी क्षेत्रांसाठी अलीकडे काही सवलती आल्या आहेत. आपला गट त्यात बसतो का, हे तहसीलमधून लेखी घ्या. प्लॉटिंगची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि प्लॉट आठपेक्षा जास्त असतील तर महारेराचा (गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक मागा.

२. वाटेकरी मोजा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर द्या. बाकीच्या पायऱ्यांवर चुकलं तर बहुधा पैसे जातात, इथे चुकलं तर कोर्टात पिढी जाते.

महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा मिळतो, पण त्यावर फक्त आजची नावं दिसतात. नावांच्या शेजारी जे फेरफार (नोंदीतल्या बदलांचे) क्रमांक असतात, ते सगळे काढा आणि जुन्यापासून नव्यापर्यंत वाचत या. जुने हस्तलिखित सातबारे आणि फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. मग विकणाऱ्याच्या घरातल्या सर्वात वयस्कर बाईसमोर बसून वंशावळ लिहून काढा. हे गमतीने म्हणत नाही. पुरुष मंडळी आत्यांची नावं हमखास विसरतात, म्हाताऱ्या बायका विसरत नाहीत.

आत्या आणि बहिणी महत्त्वाच्या का? ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबात मुलगी जन्मानेच सहहिस्सेदार आहे. त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. "तिने हक्क सोडलाय" असं सांगितलं की नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागा. पन्नास-शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर लिहून नोटरी केलेला कागद पुरत नाही.

"आमचं घरगुती वाटप झालंय, गडग्याच्या या अंगाचं माझं" हे वाक्यही ऐकाल. गडगा म्हणजे दगडी कुंपण. ते खोटं असेलच असं नाही. पिढ्यान्‌पिढ्या तशी वहिवाट असते. पण कागदावर क्षेत्र सामाईक असेल तर तुम्ही विकत घेता तो हिस्सा. गडग्याच्या अंगाचा तुकडा तुम्हाला मिळत नाही. आधी महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप, मग मोजणी, मग स्वतंत्र सातबारा आणि मगच खरेदी, हा आग्रह धरा. विकणारा कुरकुर करेल. करू द्या.

एकाच वाटेकऱ्याचा हिस्सा घेऊन "बाकीचं नंतर बघू" म्हणणाऱ्यांनी तीन तरतुदी ध्यानात ठेवाव्यात. सहवारसाला तोच हिस्सा आधी विकत घेण्याचा हक्क हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ ने दिलाय आणि तो शेतजमिनीलाही लागू होतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात हिस्सा घेतलेल्या परक्याला त्यांच्यासोबत ताबा मागता येत नाही. आणि तुम्ही वाटपाचा दावा लावलात तर १८९३ च्या वाटप कायद्याखाली घरातलाच वाटेकरी न्यायालय ठरवेल त्या किमतीला तुमचा हिस्सा घेऊन तुम्हाला बाहेर काढू शकतो.

मुखत्यारपत्रावर सही होणार असेल तर देणारा जिवंत आहे का, याची खात्री खरेदीच्या दिवशीसुद्धा करा. साधं मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपतं. मी तर व्हिडिओ कॉल करायला सांगतो. नुसत्या मुखत्यारपत्रावर किंवा साठेखतावर (पुढे विकण्याच्या करारावर) मालकी मिळत नाही, हे २०११ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पक्कं झालंय.

सह्या गोळा करायला गणपती आणि शिमगा यांच्यासारखा काळ नाही. मुंबई, पुणे, बडोदा, जिथून तिथून माणसं घरी आलेली असतात. फक्त दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाला त्या दिवसांत सुट्ट्या असतात, म्हणून वेळ आधीच घेऊन ठेवा. आणि वकील जाहीर नोटीस देईल ती फक्त रत्नागिरीच्या पेपरात देऊ नका. ज्यांनी हरकत घ्यायची ते वाटेकरी लालबाग, परळ, डोंबिवलीला राहतात. मुंबईच्या मराठी पेपरातही छापा.

३. "इतर अधिकार" हा रकाना भिंग लावून वाचा

सातबाऱ्याच्या उजव्या बाजूला बँकेचा बोजा असतो तो सगळे बघतात. त्याच्या आजूबाजूच्या नोंदी बघा.

कुळाचं नाव असेल तर थांबा. १ एप्रिल १९५७, म्हणजे कृषकदिनापासून कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं मालक ठरत गेलं, आणि किंमत ठरवण्याची प्रकरणं कोकणात अजून अर्धवट पडलेली आहेत. विकणाऱ्याचं नाव मालक म्हणून असलं तरी खरा हक्क कुळाच्या वारसांकडे असू शकतो. याच्या उलट, विकणाराच जुनं कूळ असेल तर "कलम ४३ च्या बंधनास पात्र" असा शेरा दिसेल. ३२-म प्रमाणपत्राला (कुळाने जमीन विकत घेतल्याच्या दाखल्याला) दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, ४० पट रक्कम भरून जमीन विकता येते. कोकणात आकार इतका किरकोळ असतो की ही रक्कम एका जेवणाच्या बिलात बसते, पण ती खरेदीआधी भरलेली हवी. घेणारा शेतकरी हवा, ही अट तरीही राहतेच.

भोगवटादार वर्ग २, म्हणजे विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन, असेल तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. "खाजगी वन" किंवा "राखीव वन" असा शेरा असेल तर नाद सोडा. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने अशा जमिनी सरकारकडे गेल्या. सावंतवाडी तालुक्यात आंबोली, गेळे, चौकुळ या गावांत कबुलायतदार गावकर (गावाने सामाईक धरलेल्या) जमिनींचा जुना प्रश्न आहे. तिथला धुक्यातला डोंगर कितीही आवडला तरी विकणाऱ्याच्या नावावर स्वतंत्र सातबारा बघितल्याशिवाय विसार देऊ नका. देवस्थानाचं नाव दिसलं तरी हेच.

४. कागद खिशात घालून जागेवर जा

शक्यतो पावसाळ्यात जा. ओहोळ कुठून वाहतो ते मे महिन्यात कळत नाही.

घर एकाचं, त्याखालची जमीन दुसऱ्याची आणि अंगणातली माडं-पोफळी तिसऱ्याची, असं इथे असू शकतं. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घरपट्टी कुणाच्या नावे आहे ते बघा. पण घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे. झाडांची नोंद सातबाऱ्यावर आहे का, खरेदीखतात "झाडमाडांसह, विहिरीतल्या हिश्श्यासह" असं लिहिलंय का, हेही बघा. विहीर बहुधा सामाईक असते आणि भांडण पंपावरून होतं.

रस्ता हा सर्वात महाग विषय आहे. जागेपर्यंत चिऱ्याची पाखाडी (पायवाट) येते म्हणजे गाडी जाते असं नाही. गावकरी तुम्हाला चालू देतील, जेसीबी जाऊ देतील याची खात्री नाही. शेजाऱ्याच्या जमिनीतून रस्ता हवा असेल तर त्याच्याकडून रुंदीसकट नोंदणीकृत करार खरेदीआधी करून घ्या. नंतर मागाल तेव्हा तो जमिनीपेक्षा जास्त भाव सांगेल. बांधावरून रस्ता मागायला महसूल संहितेचं कलम १४३ आहे आणि असलेली वहिवाट अडवली तर मामलेदार कोर्ट कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत अर्ज करता येतो. पण हे उपाय वाद लागल्यानंतरचे.

सरकारी मोजणी करून क-प्रत नकाशा घ्या आणि मोजणीच्या दिवशी लगतचे सगळे शेजारी हजर राहतील असं बघा. गडगा आणि नकाशातली हद्द जुळतेच असं नाही.

५. भरतीरेषा कुठे आहे?

समुद्रकिनाऱ्याला भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्र, लागतं. खाडीला ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी ते. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर पहिले २०० मीटर ना-विकास क्षेत्र आहे. दाट वस्तीच्या गावांसाठी, म्हणजे २०११ च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त माणसं असतील तिथे, ते ५० मीटरवर आणता येतं. पण कोकणातली बहुतेक गावं या आकड्याच्या जवळपासही नाहीत. ना-विकास क्षेत्रातल्या जुन्या अधिकृत घराची आहे त्या मापात दुरुस्ती होते, नवं बांधकाम होत नाही.

म्हणून किनाऱ्याजवळची "स्वस्त" जागा बघताना सर्व्हे नंबर मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यावर टाकून बघा. शेजारी तीनमजली रिसॉर्ट उभं आहे, हा पुरावा नाही. त्याला नोटीस आली असेल तर तो तुम्हाला सांगणार नाही.

६. पैसे आणि नोंदणी

इथे फार गूढ काही नाही. व्यवहाराआधी एवढे कागद जमवा:

- सातबारा, आठ-अ आणि सगळे फेरफार
- क-प्रत नकाशा
- वकिलाचा किमान तीस वर्षांचा शोध अहवाल
- वंशावळ, मृत्यूदाखले आणि हक्कसोडपत्रं
- बोजा असेल तर बँकेचा दाखला
- शेतकरी असल्याचा पुरावा
- दोन्ही बाजूंचं पॅन व आधार

विसार द्यायचा तर साठेखत नोंदवूनच द्या. त्यात मुदत, राहिलेल्या वाटेकऱ्यांच्या सह्या कोण आणणार आणि न आल्यास पैसे किती दिवसांत परत, हे स्पष्ट लिहा. २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोखीने देऊ नका. आयकर कायद्यात घेणाऱ्याला तेवढाच दंड आहे आणि वाद झाला तर तुमच्याकडे पुरावा नाही. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. मुद्रांक शुल्क मात्र किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यातल्या मोठ्या रकमेवर लागतं.

खरेदीखत झालं की इंडेक्स टू (नोंदणीचा सारांश उतारा) घ्या आणि फेरफाराचा पाठपुरावा करा. हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. सातबाऱ्यावर नाव येईपर्यंत गावात पेढे वाटू नका.

७. राखण करणाऱ्याला कूळ करू नका

आता मालक तुम्ही, आणि राहता ठाण्याला. बाग बघायला गावातला कुणीतरी लागणारच. "पगार नको, भात पिकेल त्यातलं अर्धं मला" असं तो म्हणेल आणि तुम्हाला ते सोयीचं वाटेल. कूळकायद्याचं कलम ४ इथेच आडवं येतं. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कूळ मानला जातो. त्यातून सुटतो तो रोख किंवा वस्तूरूपाने मजुरी घेणारा नोकर. पिकाच्या हिश्श्यावर राबणारा सुटत नाही. म्हणून अर्धेलीने किंवा मक्त्याने देणं टाळा. पगार ठरवा, तो दरमहा बँकेतून द्या, साधं नेमणूकपत्र करा. ई-पीक पाहणी तुमच्या नावाने होतेय का, हे दर हंगामात बघा.

हापूसची बाग देताना करार फक्त त्या हंगामातल्या फळांच्या विक्रीचा करा. फवारणी कोण करणार, झाडाला इजा झाली तर काय, किती तारखेपर्यंत तोडणी, हे लिहा. जमिनीचा ताबा दिलेला नाही हेही लिहा. त्याच माणसाला दर वर्षी तोंडी द्यायची पद्धत गावात आहे. मोडायला जड जाते, तरी मोडा.

८. घर भाड्याने देताना

चिपळूण, रत्नागिरी, कुडाळला बँकवाले, शिक्षक, महामार्ग आणि रेल्वेच्या कामावरचे लोक घरं शोधत असतात. गावातलं घर बंद ठेवून वाळवीला देण्यापेक्षा भाड्याने दिलेलं बरं.

घर सामाईक असेल तर आधी सगळ्या वाटेकऱ्यांची लेखी संमती घ्या, भाड्याची वाटणी लिहा. नाहीतर चुलतभाऊ रात्रीच्या गाडीने येतो आणि भाडेकरूला विचारतो, "तुम्ही कोण?"

करार भाडेपट्ट्याऐवजी लिव्ह अँड लायसन्सचा करा. भाडेपट्ट्यात जागेत भाडेकरूचा हक्क तयार होतो. लायसन्समध्ये त्याला फक्त वापराची परवानगी मिळते, ताबा कायद्याने तुमचाच राहतो. मात्र नुसतं शीर्षक बदलून भागत नाही, आतल्या अटीही तशाच हव्यात.

"अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही" हा गैरसमज डोक्यातून काढा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ जिथे लागू आहे, तिथे कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि जबाबदारी मालकाची आहे. नोंदला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. त्याहून वाईट म्हणजे वाद झाल्यास भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, उलट सिद्ध करायची जबाबदारी तुमची. हा कायदा लहान गावांना सरसकट लागू नाही, तरीही मी नोंदणीच सांगेन. खर्च नगण्य आहे. शुल्क एकूण भाडं आणि अनामत रकमेवरचं वर्षाला १० टक्के व्याज धरून त्याच्या पाव टक्का. आठ हजार भाडं, पंचवीस हजार अनामत, अकरा महिने, तर मुद्रांक तीनशेच्या आत. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० रुपये, शहरी भागात १,०००. आधार आणि अंगठ्यावर हे घरबसल्याही होतं.

बाजारात मिळणारा छापील मसुदा मुंबईच्या फ्लॅटसाठी लिहिलेला असतो. कोकणातल्या घरासाठी या गोष्टी त्यात घाला:

*गणपती.* घरात कुलाचा गणपती येत असेल तर ते दिवस आणि देवघर-माजघर मालकाच्या वापरात राहील, हे तारखांऐवजी सणाच्या नावाने लिहा. तारीख दरवर्षी बदलते. एक खोली तुमच्या कुलुपात ठेवली तर आणखी चांगलं. तुमचा ताबा त्याने दिसतो.

*छप्पर.* पावसाआधीची शाकारणी कुणाची? माझ्या मते मालकाची, कारण भाडेकरूने स्वस्तात उरकली तर वासे तुमचे कुजतात. निसर्ग वादळात (जून २०२०) छपरं उडालेल्या घरांत भाडं चालू की बंद, असा प्रश्न पडला होता. घर राहण्याजोगं नसेल त्या दिवसांचं भाडं माफ आणि दुरुस्तीला वाजवी मुदत, असं एक वाक्य पुरतं.

*झाडं.* नारळ, फणस, आंबे कुणाचे, ते लिहा. दोन माडांचे नारळ भाडेकरूला वापरू द्या, पण विक्री आणि तोड तुमच्या हातात ठेवा.

*पाहुणे.* भाडेकरूने तुमच्या घरात पर्यटक ठेवायचे नाहीत, हे स्पष्ट लिहा. आठ हजारात घेतलेलं घर तो शनिवार-रविवारी इंटरनेटवर देतो, असं होतं.

*पंप, वीज, खारी हवा.* लोखंडी ग्रील आणि पंप समुद्राजवळ लवकर गंजतात. फोटो काढून यादी करारालाच जोडा, नाहीतर अनामत परत करताना प्रत्येक गंजावर वाद होतो.

पर्यटकांना तुम्हीच खोल्या देणार असाल तर प्रकरण वेगळं. लिव्ह अँड लायसन्स इथे कामाचा नाही. पर्यटन विभागाच्या न्याहारी-निवास योजनेत नोंदणी करा, ग्रामपंचायतीला कळवा, विजेची वर्गवारी महावितरणकडून तपासून घ्या, पाहुण्यांच्या ओळखपत्रांसह वही ठेवा. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरायची असते. नेहमीच्या भाडेकरूची माहितीही पोलिसांच्या संकेतस्थळावर किंवा ठाण्यात द्या आणि पोच जपून ठेवा.

मुदत संपायच्या महिनाभर आधी नूतनीकरण की खाली करणं, ते लेखी विचारा. मुदतीनंतरही लायसन्सी बसून राहिला तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि त्या काळाची दुप्पट रक्कम मागता येते. त्यासाठी नोंदणीकृत करार हाताशी हवा. जुना करार संपल्यावर नवा न करता भाडं घेत राहू नका.

जाताना यादी समोर ठेवून खोल्या बघा, मीटरचं रीडिंग लिहा, महावितरण आणि पाणीपट्टीची थकबाकी वजा करा, उरलेली अनामत बँकेतून द्या आणि "घराचा ताबा व सर्व चाव्या परत केल्या, देणं-घेणं शिल्लक नाही" अशी तारखेसह सही घ्या. चावी शेजाऱ्याकडे ठेवून भाडेकरू परस्पर गावाला गेला असेल, तर ती सही त्याला बोलावून घ्या.